रिकामे भांडे आणि सामाईक मोबाईल

आपल्या खेड्यापाड्यांत अशी जुनी रीत आहे की, शेजाऱ्याकडून आलेले भांडे रिकामे परत पाठवावयाचे नाही. मूठभर शेंगा, चिमूटभर साखर, निदान दोन मिरच्या तरी त्यात घालूनच ते परत जाते. दोन घरांत फिरणारी वस्तू फिरती राहावी आणि तिच्यापायी मने दुखावू नयेत, एवढाच ह्या रीतीचा हेतू आहे. औत, पाभर, कढई, ताडपत्री अशा वस्तूंच्या बाबतीत हे शहाणपण आपण पिढ्यान् पिढ्या पाळीत आलो आहोत. अलीकडे मात्र एक नवी सामाईक वस्तू कार्यालयांतून, ग्रामपंचायतींतून आणि शेतकरी गटांतून हातोहात फिरू लागली आहे, आणि तिच्याविषयी अशी रीत आपण अद्याप बसविलेली नाही. ती वस्तू म्हणजे सामाईक मोबाईल किंवा टॅबलेट होय.

पिकांची पाहणी, पीक कापणी प्रयोग, नुकसानीचे पंचनामे, फळबागांची तपासणी ही सर्व कामे आता ह्या उपकरणांवर होतात. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाचे छायाचित्र बांधावर उभे राहून स्वतः नोंदवावे, अशी सोय झाली. ज्याच्यापाशी असा मोबाईल नाही, त्याला नातलगाचा, गटाचा किंवा गावात आलेल्या कार्यकर्त्याचा मोबाईल उपयोगी पडतो. हंगाम सरला की कार्यालयाची उपकरणे परत येतात, आणि माझा अनुभव असा की, त्यांतील पुष्कळशी बॅटरी पार उतरलेल्या स्थितीत येतात. लिपिक ते काळे पडलेले उपकरण हाती घेतो, नोंदवहीत ‘परत मिळाले’ असा शेरा मारतो आणि ते कपाटात ठेवून देतो. ह्या नोंदवहीस जडसंग्रह नोंदवही म्हणतात. औताच्या फाळास किंवा लाकडी खुर्चीस ते नाव शोभते. मोबाईल मात्र अशा कपाटात काही महिन्यांत खरोखरीच जड होऊन बसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. उतरलेल्या बॅटरीचे उपकरण हाती आले म्हणजे ते परत आले असे समजू नये. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या समक्ष ते पुन्हा सुरू झाले, आतील नोंदी वर गेल्या, जुन्या वापरणाऱ्याचे खाते निघाले, तेव्हाच ते परत आले. ही जबाबदारी परत करणाऱ्यापेक्षा परत घेणाऱ्यावर अधिक आहे.

एका कपाटाची हकिकत

काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या कार्यालयात नव्याने रुजू झालो. दिवस रब्बीचे होते. पाहणीच्या कामासाठी उपकरणे हवी होती म्हणून कपाट उघडविले, तो टॅबलेटांची एक चवडच निघाली. एकही सुरू होईना. त्यांच्या शेजारी खताच्या नमुन्यांच्या पिशव्या होत्या आणि त्यांतील भुकटी चार्जिंगच्या खाचांत जाऊन बसली होती. दोनांची पाठ फुगलेली होती. बाकीची आम्ही चार्जरला लावली.

दुपारपर्यंत त्यांतील एक सुरू झाले, परंतु ते उघडण्याचा गुप्त क्रमांक मागू लागले. ते उपकरण वापरणारा कार्यकर्ता बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. दूरध्वनीवर तो म्हणाला, “साहेब, मी तर नेहमी अंगठ्यानेच उघडत होतो, क्रमांक आता आठवत नाही.” त्याने आठवून सांगितलेले दोन्ही क्रमांक चुकले. काम खोळंबले होते. तेव्हा, आतले सर्व पुसून उपकरण नव्यासारखे करा, असे मी सांगितले. तो हुकूम माझाच होता. पुसून झाल्यावर उपकरणाने त्याच कार्यकर्त्याचे खाते आणि त्याची खूण मागितली, म्हणजे आमचे काम तसेच अडले.

पुढील आठवड्यात एक वयस्क शेतकरी कार्यालयात आले. म्हणाले, “साहेब, तुमच्या माणसाने माझ्या बांधावर उभे राहून हरभऱ्याचा फोटो काढला, मी स्वतः पाहिला. उताऱ्यावर मात्र हरभरा नाही.” त्यांना हमीभावाने हरभरा विकावयाचा होता आणि त्यासाठी पिकाची नोंद असलेला उतारा लागत होता. ती नोंद त्या टॅबलेटमध्ये अडकून पडली होती की अन्यत्र कोठे हरवली, हे आता कोणासही सांगता येणार नव्हते, कारण टॅबलेट आम्हीच पुसला होता. मी त्यांना म्हणालो, “काका, चूक आमची आहे.” ते रागावले नाहीत. तरीही नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी त्यांना किती हेलपाटे पडले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. उतरलेली बॅटरी ही कार्यालयाची अंतर्गत बाब आहे, असे त्या दिवसापासून मला वाटेनासे झाले.

बॅटरी उतरल्याने काय अडते?

पहिली गोष्ट नोंदींची. आपल्या अनेक शिवारांत नेटवर्क मिळत नाही. अशा ठिकाणी घेतलेले छायाचित्र आणि माहिती उपकरणातच साठून राहते, आणि नेटवर्कमध्ये आल्यावर ती वर पाठवावी लागते. ती वर जाण्यापूर्वी बॅटरी उतरली आणि उपकरण कपाटात गेले, तर शेतकऱ्याचे पीक शेतात उभे असूनही कागदावर नसते. गाव नमुना बारामध्ये जे पीक नाही, त्याच्या आधारे पुढे काही मागणे शेतकऱ्यास जड जाते.

दुसरी गोष्ट कुलुपाची. चालू मोबाईल अंगठ्याच्या ठशाने उघडतो. परंतु बॅटरी पूर्ण उतरून तो नव्याने सुरू झाला, म्हणजे पहिल्या वेळी गुप्त क्रमांकच मागतो. महिनोन् महिने ठशावर भागविलेल्या माणसास तो क्रमांक आठवत नाही. ह्याखेरीज आतील खाते न काढता उपकरण पुसले, तर पुष्कळ उपकरणे पुन्हा तेच खाते मागतात. चोरीस आळा बसावा म्हणून केलेली ही योजना चांगली आहे, पण कार्यालयातच ती आपल्यावर उलटते.

तिसरी गोष्ट घड्याळाची. बॅटरी फार खोल उतरली तर उपकरणातील तारीख आणि वेळ चुकू शकते, आणि नेटवर्क मिळेपर्यंत ती तशीच चुकीची राहते. असे उपकरण घेऊन कोणी थेट शिवारात गेला, तर पंचनाम्याच्या छायाचित्रावर भलतीच तारीख पडावयाची. गारपीट आज झाली असून छायाचित्र कित्येक वर्षांपूर्वीचे दिसले, तर त्या पुराव्याची किंमत काय राहणार?

बॅटरीचा स्वभाव

जनावराचा स्वभाव ओळखल्यावाचून त्याची निगा राखता येत नाही. यंत्राचेही तसेच आहे. मोबाईलमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ही बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो ह्या तिघा शास्त्रज्ञांस २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

साधारणतः पूर्ण भरलेल्या अशा बॅटरीचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. वापरता वापरता तो ३ व्होल्टच्या जवळ आला की उपकरण आपण होऊन बंद पडते. म्हणजे पडदा काळा झाला तरी राखेखाली निखारा असावा तसा थोडा जीव आत शिल्लक असतो. त्याच दिवशी चार्जर जोडल्यास काहीच बिघडत नाही. खरी हानी पुढे कपाटात होते. बंद उपकरणातही बॅटरी हळूहळू झिजत राहते. दाब फारच खाली जाऊन बराच काळ तेथे राहिला, तर आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुढे केव्हातरी ती बॅटरी भरावयास घेतली म्हणजे ते तांबे भलत्या जागी साचते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका उत्पन्न होतो. तात्पर्य, बॅटरी शिवारात मरत नाही, ती आपल्या कपाटात मरते.

येथे शेतकरी बंधूंनी एक भेद ध्यानात ठेवावा. फवारणीच्या अनेक पंपांत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. ती हंगामानंतर पूर्ण भरून ठेवावी लागते व अधूनमधून पुन्हा भरावी लागते. उतरलेली ठेवल्यास तिच्या पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. लिथियमची बॅटरी मात्र दीर्घ काळ ठेवावयाची असल्यास सुमारे निम्मी भरून, उपकरण बंद करून ठेवावी. काठोकाठ भरून उन्हाळाभर ठेवली तरी तिचे आयुष्य घटते. पंपास लावलेला नियम मोबाईलला लावू नये आणि मोबाईलचा पंपास लावू नये.

उष्णतेचेही तसेच आहे. ही बॅटरी ० ते ४५ अंश सेल्सिअस ह्या मर्यादेत भरावी. विदर्भात मे महिन्यात सावलीतील पारा कित्येकदा ४५ अंशांच्या वर जातो. मग पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या जीपमध्ये काय होत असेल, ह्याची कल्पना करावी. अशा जागी उपकरण भरू नये आणि ठेवूही नये.

चार अवस्था, चार उपाय

परत आलेल्या उपकरणाची बॅटरी मेली, असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः तिच्या चार निरनिराळ्या अवस्था असतात.

पहिली, उतरलेली. चार्जर जोडल्यावर थोड्याच वेळात पडद्यावर भरण्याची खूण दिसते. हिला दुसरा उपाय नको.

दुसरी, निपचित पडलेली. चार्जर जोडूनही बराच वेळ काही दिसत नाही. फार उतरलेल्या बॅटरीस उपकरण आरंभी अगदी थोडा प्रवाह देते, म्हणून पडद्यास जाग येण्यास वेळ लागतो. अशा वेळी आधी वायर आणि चार्जर बदलून पाहावे. उपकरण बंद असताना खाचेतील धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. खताची भुकटी ओल धरते आणि तांब्याचे जोड खाते, हे आपणांस ठाऊकच आहे. नंतर ते डोळ्यांसमोर दोन-तीन तास चार्जरला राहू द्यावे. तरीही जाग न आल्यास ते दुरुस्तीस पाठवावे. बाहेरच्या बॅटरीच्या तारा थेट लावून ‘धक्का देण्याचे’ प्रयोग कोणीही करू नयेत. त्यात हात भाजण्याचा व आग लागण्याचा संभव आहे.

तिसरी, थकलेली. भरते, परंतु दोन-चार तासांत उतरते. साधारणतः ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून उतरल्यावर बॅटरीची धारणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते आणि पुढे कमी होत जाते. म्हातारा बैल लांबच्या रानात नेत नाहीत, त्याप्रमाणे असे उपकरण शिवारात धाडू नये. बॅटरी बदलेपर्यंत ते कार्यालयातील कामास वापरावे.

चौथी, फुगलेली. पाठ वर आली, पडदा उचलला गेला किंवा उपकरण मेजावर सपाट बसेना, तर ते चार्जरला मुळीच लावू नये. दाबू नये, टोचू नये, उन्हात ठेवू नये. कागद, कापड आणि औषधे ह्यांपासून दूर, वाळू घातलेल्या लोखंडी घमेल्यात ते वेगळे ठेवावे. धूर निघू लागल्यास माणसांनी तत्काळ दूर व्हावे आणि अग्निशमन दलास कळवावे. अशी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, भंगारवाल्यासही विकू नये. बॅटरीच्या आणि ई-कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी केंद्र शासनाने २०२२ साली स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांप्रमाणे ती अधिकृत संकलकाकडेच गेली पाहिजे. निर्लेखनाची मंजुरी यावयाची आहे, ह्या सबबीवर फुगलेले उपकरण दस्तऐवजांच्या कपाटात ठेवणे म्हणजे गवताच्या गंजीत विडी ठेवण्यासारखे आहे.

परत घेण्याची रीत

उपकरण परत आले की पुढील क्रम पाळावा, असे मला वाटते.

१. परत करणाऱ्यास बसवून घ्यावे, चहापाणी द्यावे, आणि त्याच्या समक्ष उपकरण चार्जरला लावावे. बहुधा अर्ध्या तासात काम होते.

२. उपकरण सुरू झाल्यावर गुप्त क्रमांक त्यानेच घालावा आणि न गेलेल्या नोंदी वर पाठवाव्यात. एकही नोंद शिल्लक नाही, हे दोघांनी पाहावे.

३. त्यानंतरच त्याने आपले खाते, अंगठ्याचा ठसा आणि खाजगी छायाचित्रे काढून टाकावीत. पुसण्याचे काम सर्वांत शेवटी. आधी पाठविणे, मग पुसणे, हा क्रम कधीही उलटा करू नये.

४. तारीख, वेळ आणि ठिकाण बरोबर दिसते की नाही, ते तपासावे. चार्जर, वायर व सिमकार्ड मोजून घ्यावे.

५. नोंदवहीत ‘परत मिळाले’ एवढेच न लिहिता ‘सुरू करून पाहिले, नोंदी गेल्या, खाते काढले’ असे लिहून दोघांनी सही करावी.

६. उपकरणे ठेवण्यास तीन कप्पे असावेत : तयार, भरावयाची, दुरुस्तीची. तयार कप्प्यातील उपकरण निम्मे भरून बंद ठेवावे आणि महिन्यातून एकदा सुरू करून पाहावे. देण्याच्या आदल्या दिवशी ते पूर्ण भरावे.

उपकरण निपचितच राहिले, तर त्या माणसास अडवून ठेवू नये. चिठ्ठीवर तसे लिहून त्याचे नाव, त्याने शेवटी काम केलेली गावे आणि ‘नोंदी तपासावयाच्या आहेत’ असा शेरा चिकटवावा. त्या गावांतील शेतकऱ्यांच्या नोंदी आल्या की नाहीत, हे मग मुदत संपण्यापूर्वी पाहता येते. गुप्त क्रमांक बंद पाकिटात कार्यालय प्रमुखापाशी ठेवावा आणि माणूस बदलला की तोही बदलावा.

शेतकरी गटांनी ह्याचीच छोटी आवृत्ती करावी. एक वही, एक ठरलेली व्यक्ती, एक ठरलेली जागा एवढे पुरे आहे. मोबाईल देताना आणि घेताना बॅटरी किती टक्के होती, एवढे लिहिले तरी निम्मे तंटे मिटतील.

दंडाने काय साधेल?

ह्यावर काही अधिकारी मित्र म्हणतात, “एवढी उठाठेव कशास? जो बॅटरी उतरवून आणील, त्याच्याकडून दंड घ्यावा.” मला हे पटत नाही. दिवसभर पडद्याचा उजेड वाढवून, ठिकाण दर्शविणारी सोय चालू ठेवून, नेटवर्क नसलेल्या शिवारात उपकरण वापरले की बॅटरी उतरणारच. ती उतरली, ह्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की, माणसाने काम केले आहे. गावात वीज कधी येते आणि कधी जाते, ते आपण जाणतो. कित्येकदा कार्यालयाने चार्जरच दिलेला नसतो. अशा माणसास दंड करणे न्यायाचे नाही.

शिवाय दंडाचा परिणाम उलटा होतो. दंड सुरू झाला की उपकरण परत आणताना माणूस स्वतः येत नाही. शिपायाबरोबर पाठवितो, किंवा घरीच ठेवून ‘उद्या आणतो’ म्हणतो. आपणांस तर तो समोर हवा आहे, कारण कुलुपाची किल्ली त्याच्या स्मरणात आहे. भीतीने हे साधत नाही, विश्वासाने साधते. जाणूनबुजून नासधूस करणाऱ्यावर कारवाई अवश्य व्हावी. पण उतरलेली बॅटरी हा त्या प्रकारचा अपराध नव्हे.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. दूरच्या गावाहून आलेल्या माणसास सायंकाळची एस. टी. गाठावयाची असते. लिपिकाकडे एकाच दिवशी पंधरा-वीस उपकरणे येतात. ह्याला तोड अशी की, परत घेण्याचे दिवस गावांप्रमाणे वाटून द्यावेत, आणि परत करणाऱ्याने आदल्या रात्री उपकरण घरी भरून आणावे, अशी विनंती आधी कळवावी. विनंतीबरोबर चार्जरही दिलेला असावा, म्हणजे ती मानण्यासारखी होईल.

अर्ध्या तासाचे मोल

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस माझे सांगणे आहे की, बॅटरी उतरली म्हणून लाजू नका, लपवू नका. उपकरण स्वतःच्या हाताने परत आणा आणि ते सुरू होईपर्यंत थांबा. परत घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस सांगणे आहे की, त्यांना खुर्ची द्या आणि शेरा मारण्याची घाई करू नका. शेतकरी बंधु-भगिनींस विनंती आहे की, कोणी आपल्या पिकाचे छायाचित्र काढले की, ‘नोंद वर गेली का?’ हा प्रश्न तेथेच विचारा, आणि चार दिवसांनी आपली नोंद स्वतः पाहून खात्री करा. असे विचारणे हा आपला हक्क आहे. त्यात संकोच नको.

त्या हरभऱ्याच्या मालकांकडे मी पुढे एकदा गेलो होतो. त्यांनी पेल्यात ताक दिले. निघताना मी रिकामा पेला पुढे केला, तेव्हा ते हसून म्हणाले, “साहेब, पेला रिकामा दिला तरी चालेल. पुढच्या साली नोंद तेवढी रिकामी ठेवू नका.” त्या दिवसापासून आमच्या कार्यालयात चार्जरची पट्टी कपाटातून निघून आवक-जावक लिपिकाच्या मेजावर आली आहे. परत आलेले प्रत्येक उपकरण आधी तिच्याशी जोडले जाते, आणि नोंदवही त्यानंतर उघडते.